एन्रॉनची आवक-जावक

गुहागर तालुक्यात आजही कोणी ‘एन्रॉन’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कंपनी येत नाही, जागा येते. कंपनी २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीत गेली. अंजनवेलचा वीजप्रकल्प २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी स्थापन केलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे गेला. नाव मात्र जागेला चिकटून राहिले ते राहिलेच. या प्रकल्पाविषयी मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. १९९३ चा करार, १९९५ ची रद्दबातल घोषणा, १९९६ चा फेरकरार, विजेचा दर, गोडबोले समिती, हे सगळे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना तोंडपाठ असेल. त्याची उजळणी इथे करायची नाही. एन्रॉनने मागे ठेवलेल्या दुसऱ्या एका अवशेषाबद्दल मला लिहायचे आहे. तो अंजनवेलच्या धुराड्यांसारखा लांबून दिसत नाही, पण पसरला आहे जगभर. तो म्हणजे एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांच्या ई-मेलच्या पेट्या.

सुमारे १५० माणसांच्या पेट्या आणि त्यांत सुमारे ५ लाख पत्रे. बहुतेक १९९९ ते २००२ या काळातली, त्यातही २००० आणि २००१ ची जास्त. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकावर ती कोणालाही उतरवून घेता येतात, फुकट. मी कोणत्या विद्यापीठाचा नाही, माझ्याकडे पदवीपलीकडे काही नाही, तरी माझ्याही घरच्या संगणकात ती आहेत. प्रत्येक पेटीला मालकाचे आडनाव आणि नावाचे आद्याक्षर दिलेले आहे. अध्यक्ष केनेथ ले यांची पेटी आहे, मुख्याधिकारी जेफ्री स्किलिंग यांची आहे, आणि ज्यांचे नाव कोणत्याही वर्तमानपत्रात कधी आले नाही अशा मंडळींच्याही आहेत. करारांच्या मसुद्यांशेजारी दुपारच्या जेवणाचे बेत, रविवारच्या सामन्यांवरच्या पैजा, मुलांच्या शाळेच्या सूचना, नवराबायकोची बोलणी. हे सारे कचेरीच्या पत्त्यावरून लिहिलेले, आणि म्हणूनच आज आपल्या हाती आलेले.

कचेरीतल्या माणसाचे पत्र कोणाचे, हा प्रश्न या संग्रहाने जितका उघडा केला तितका दुसऱ्या कशाने केला असेल असे मला वाटत नाही. पण त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

ई-मेल येण्याआधी कचेरीतले टपाल कसे चाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचा फरक चटकन कळेल. उमेदवारीची काही वर्षे मी एका कारखान्याच्या आवक-जावक विभागात काढली. सकाळी टपालाची थैली येई. लिपिक पाकिटे फोडी, प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक पडे, बारनिशीच्या वहीत नोंद होई आणि मग कागद ज्या त्या टेबलावर जाई. जाणाऱ्या पत्राची स्थळप्रत फायलीला लागे. म्हणजे कचेरीच्या कामाचे प्रत्येक पत्र मालकाच्या नजरेखालून जात होते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नव्हते. दोन गोष्टी मात्र फोडल्या जात नसत. ‘गोपनीय’ असा शेरा असलेले पाकीट, आणि एखाद्या कामगाराच्या नावे गावाहून आलेले आंतर्देशीय. ते त्याच्या टेबलावर किंवा खात्याच्या मुकादमाकडे तसेच जाई. असे करा म्हणून कोणता लेखी नियम नव्हता. ती रीत होती. कायद्याने पत्र अडवण्याचा अधिकार दिला होता तो सरकारला. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याचे २६ वे कलम ते. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता हे कारण लागे आणि हुकूम लेखी लागे. हे कलम इंग्रजांनी कोणासाठी केले आणि स्वराज्यात ते कसे वापरले गेले हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढेच लक्षात घ्यायचे, की पत्राला पाकीट होते आणि ते फोडायला काहीतरी निमित्त लागत होते.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप धाडला आणि पत्त्यात @ हे चिन्ह घातले, तेव्हा पाकिटाचा विचार कोणी केला नव्हता. तसे कारणही नव्हते. मोजक्या संशोधकांची ती आपापसातली सोय होती. पण तीच सोय कचेऱ्यांत शिरली तेव्हा जुनी रीत कोणी न मोडताच मोडली. ई-मेल लिहिणाऱ्याच्या टेबलावर नसतो, तो कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर असतो. आपण आपल्या पडद्यावरून पुसला तरी तो तिथे राहू शकतो, रोज रात्री भरल्या जाणाऱ्या चुंबकीय फितीवर राहतो, शिवाय ज्याला धाडला त्याच्याकडे राहतो. आवक-जावकच्या लिपिकाला पत्र वाचायचे तर पाकीट फोडावे लागे आणि फोडलेले पाकीट दिसे. इथे वाचल्याची खूणही मागे राहत नाही.

कायदा काय म्हणणार याचा अंदाज १९९६ मध्येच आला होता. पेनसिल्व्हेनियातल्या केंद्रीय न्यायालयासमोर पिल्सबरी या खाद्यपदार्थांच्या कंपनीचा खटला आला. कंपनीने आपल्या नोकरांना पुन्हापुन्हा सांगितले होते, की तुमचे ई-मेल गोपनीय राहतील आणि त्यांवरून कोणाला काढणार नाही. एका व्यवस्थापकाने त्या भरवशावर आपल्या वरिष्ठाला लिहिताना कंपनीच्या लोकांविषयी अद्वातद्वा लिहिले. कंपनीने ते वाचले आणि त्याला काढले. न्यायालय म्हणाले, कंपनीच्या यंत्रणेवरून एकदा पत्र धाडल्यावर खासगीपणाची वाजवी अपेक्षा उरत नाही. दिलेल्या आश्वासनानेही ती निर्माण होत नाही. आश्वासनाचा मुद्दा न्यायालयाने इतक्या सहज बाजूला सारला याचे मला आजही आश्चर्य वाटते.

त्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, हॉटमेल सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांचा पहिला ई-मेल पत्ता तोच असेल. त्याची जन्मकथा या विषयाशी फार जवळची आहे. बंगळुरात वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ कॅलिफोर्नियात एकाच कंपनीत नोकरीला होते. दोघांना स्वतःचा धंदा काढायचा होता आणि त्याबद्दलची बोलणी कचेरीच्या ई-मेलवर केली तर मालक वाचेल अशी धास्ती होती. कंपनीच्या भिंतीआडून बाहेरची खासगी पेटी उघडता येत नव्हती. मग कोणत्याही संगणकावरच्या ब्राउझरमधून उघडेल अशी पेटीच का करू नये, असे त्यांना सुचले. धंद्याचा शोध बाजूला राहिला आणि ती पेटी हाच धंदा झाला. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला.

मालकाच्या बाजूने बोलायचे तर त्याला नुसती उत्सुकता नव्हती, भीतीही होती, आणि ती खरी ठरली. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा विषाणू ई-मेलमधून पसरला. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेल्या दुसऱ्या विषाणूने त्याला मागे टाकले. पत्राचा विषय ‘आय लव्ह यू’, सोबत जोडलेली एक फाईल, नाव प्रेमपत्राचे. उघडली की ती संगणकातल्या फायलींची नासधूस करी आणि पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तेच पत्र तुमच्या नावाने धाडी. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले दिसे, म्हणूनच लोक ते उघडत. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. ज्याने हा विषाणू लिहिला त्या फिलिपिन्समधल्या तरुणावरचा खटला उभाच राहू शकला नाही, कारण त्या देशात तेव्हा अशा गुन्ह्याला कायदाच नव्हता. त्यानंतर कंपन्यांनी दारावर राखणदार बसवले. आत येणारे आणि बाहेर जाणारे प्रत्येक पत्र यंत्र तपासू लागले. यंत्र विषाणू शोधत होते तोवर ठीक होते. पण तेच यंत्र शब्दही शोधू शकते हे कळायला वेळ लागला नाही. चोर अडवायला ठेवलेल्या पहारेकऱ्याकडूनच घरातल्यांची झडती घेण्याची सोय झाली.

एन्रॉन या बाबतीत काही निराळी नव्हती. जुलै २००० मध्ये तिने आपली ६४ पानी आचारसंहिता छापली, प्रस्तावना केनेथ ले यांची. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही कंपनीची चार मूल्ये. त्यातल्या ‘संवादा’ची साधने कंपनीच्या मालकीची होती हे वेगळे सांगायला नको. या पुस्तिकेची प्रत पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली, थट्टेचा विषय म्हणून.

कंपनी कोसळली तेव्हा ई-मेलची पहिली आहुती पडली ती एन्रॉनच्या माणसांची नव्हे, तिच्या हिशेबतपासनीसांची. आर्थर अँडरसन ही जगातल्या पाच बड्या हिशेबतपासनीस संस्थांपैकी एक, नोकर सुमारे ८५ हजार. एन्रॉनची चौकशी होणार अशी चिन्हे दिसू लागल्यावर, १२ ऑक्टोबर २००१ रोजी, संस्थेच्या वकील नॅन्सी टेंपल यांनी एका छोट्या ई-मेलने ह्यूस्टनच्या कचेरीला कागद जपण्याच्या आणि नष्ट करण्याच्या धोरणाची आठवण करून दिली. पुढे तिथे कागद फाडण्याची यंत्रे अहोरात्र चालली आणि ई-मेलही पुसले गेले. जून २००२ मध्ये ज्यूरीने संस्थेला दोषी ठरवले. ज्यूरीतल्या लोकांनी नंतर सांगितले ते ऐकण्यासारखे आहे: त्यांचे मत पालटले ते फाडलेल्या कागदांच्या ढिगामुळे नव्हे, तर त्याच वकीलबाईंच्या दुसऱ्या एका ई-मेलमुळे. त्यात त्यांनी एका टिपणातले काही शब्द वगळावेत असे सुचवले होते. टनावारी कागद नाहीसा झाला आणि एक शिल्लक पत्र नडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. तोवर संस्था संपलेली होती.

आता पेट्या बाहेर कशा आल्या ते. २००० आणि २००१ मध्ये कॅलिफोर्नियात विजेचा तुटवडा पडला, दर आकाशाला भिडले, भारनियमन करावे लागले. आपल्याला भारनियमन काय ते सांगायला नको. अमेरिकेला तो धक्का होता. एन्रॉनच्या व्यापाऱ्यांनी बाजाराशी खेळ करून हा तुटवडा वाढवला असा संशय होता आणि तो खरा निघाला. त्यांच्या युक्त्यांना ‘डेथ स्टार’, ‘फॅट बॉय’, ‘गेट शॉर्टी’ अशी नावे होती. फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन या केंद्रीय नियामकाने २००२ मध्ये चौकशी सुरू केली, कंपनीच्या संगणकांवरून पेट्या ताब्यात घेतल्या आणि मार्च २००३ मध्ये चौकशीच्या अंतिम अहवालासोबत त्या सरसकट लोकांपुढे मांडल्या. चौकशी कशावरून केली ते जनतेला कळले पाहिजे, ही भूमिका. त्यांत लोकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक होते, घरच्या भानगडी होत्या, आजार होते. पेट्यांच्या मालकांपैकी अनेकांची नोकरी केव्हाच गेलेली होती. दिवाळखोरीच्या दुसऱ्याच दिवशी ह्यूस्टनमध्ये सुमारे ४ हजार जणांना घरी पाठवले होते; सामान खोक्यात भरून बाहेर पडताना आपण एक पेटी आतच ठेवून चाललो आहोत असे कोणाच्या मनात आले असेल? ओरड झाल्यावर काही पत्रे काढली गेली. बाकीची राहिली.

पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या लेस्ली केलब्लिंग यांनी हा संग्रह विकत घेतला, एसआरआय या संशोधन संस्थेतल्या लोकांनी त्यातले बिघाड दुरुस्त केले आणि कार्नेगी मेलनचे विल्यम कोहेन यांनी तो सर्वांसाठी ठेवला. संशोधकांची त्यावर अक्षरशः उडी पडली. कारण सरळ आहे. कचेरीतली माणसे एकमेकांना प्रत्यक्षात कसे लिहितात हे पाहायला मिळणे दुर्मीळ. कोणती कंपनी आपली टपालपेटी अभ्यासकाला उघडून देईल? मेलेल्या कंपनीची तेवढी मिळाली.

नको असलेली जाहिरातबाजीची पत्रे, ज्यांना आपण ‘स्पॅम’ म्हणतो, ती ओळखणारी यंत्रे घडवताना ही दुर्मिळता फार जाणवे. अशा यंत्राला दोन्ही प्रकारची पत्रे हजारोंनी दाखवावी लागतात. कोणता शब्द कचऱ्यात अधिक येतो आणि कोणता खऱ्या पत्रात, याचे प्रमाण ते मांडते आणि नव्या पत्राचा कल त्यावरून ठरवते. कचरा हवा तेवढा मिळतो. खरी पत्रे कोण देणार? २००६ मध्ये ग्रीक संशोधकांनी एन्रॉनमधल्या सहा जणांची पत्रे ‘खरी’ म्हणून घेतली, त्यांत बाहेरचा कचरा मिसळला आणि तो संच अभ्यासासाठी खुला केला. या विषयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे तो आजही ठेवला जातो. त्या सहांपैकी एक पेटी व्हिन्स कामिन्स्की यांची. ते एन्रॉनच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आणि मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फॅस्टो यांनी स्वतःच्याच भागीदारी संस्थांशी कंपनीचे जे व्यवहार मांडले होते त्यांना १९९९ पासून आक्षेप घेणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांचे नाव आहे. कंपनीने त्यांचे ऐकले नाही. ‘हे पत्र खरे, हे खोटे’ असे यंत्राला शिकवताना मात्र त्यांचीच पत्रे खरी म्हणून पुढे आली.

आणि फॅस्टो? त्यांची पेटी या संग्रहात नाही. मी यादी पुन्हापुन्हा पाहिली आहे. ले यांची पेटी आहे, पण त्यांनी स्वतः लिहिलेले त्यात फारच थोडे; बरीचशी उत्तरे सचिवाच्या हातची. स्किलिंग यांचीही तीच गत. पत्रांचा सगळा भार मधल्या फळीवर आहे: व्यापारी, वकील, हिशेबनीस, सरकार-दरबारी खेटे घालणारे. ज्यांच्या सहीने कंपनी बुडाली त्यांनी लिहिले कमी, बोलले जास्त. शेरलॉक होम्सच्या कुत्र्यासारखी ही न भुंकण्याची गोष्ट आहे. नोकरांवर पाळत ठेवण्याच्या कोणत्याही यंत्रणेचे हे व्यंग मला मूलभूत वाटते. ती लिहिणाऱ्याला पकडते. न लिहिण्याइतका अधिकार ज्याच्याकडे आहे तो तिच्यातून सुटतो. शिवाय ही सगळी पत्रे कंपनीच्याच संगणकावर, कंपनीच्याच ताब्यात, दोन-तीन वर्षे पडून होती. वाचण्याचा पूर्ण अधिकार असलेल्या मालकाला त्यांतून बुडण्याची चाहूल लागली नाही, किंवा लागून घ्यायची नव्हती.

मराठी माणसाने या संग्रहात पहिल्यांदा कोणता शब्द शोधावा? मीही तोच शोधला. ‘दाभोळ’ शेकड्यांनी सापडते. कार्यकारी उपाध्यक्ष स्टीव्हन कीन यांच्या पेटीत मुंबईहून नियमाने येणारी पत्रे आहेत, ‘एन्रॉन इंडिया न्यूजडेस्क’ या मथळ्याची. भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी प्रकल्पाविषयी काय छापले त्याची कात्रणे टाइप करून ह्यूस्टनला धाडलेली. २००१ च्या पहिल्या सहामाहीतली कात्रणे सलग वाचली तर वीज मंडळाची थकलेली बिले, केंद्राची प्रतिहमी, गोडबोले समिती, मे महिन्यात थांबलेली वीजनिर्मिती, हा सगळा पट ह्यूस्टनच्या खिडकीतून कसा दिसत होता ते कळते. जे आपण सकाळी चहाबरोबर वाचत होतो तेच तिथे पेटीत पडत होते. पण गुहागरची माणसे त्यांत बातमीच्या ओळीपुरती येतात. पत्र लिहिणारी म्हणून ती कुठेच नाहीत. वीज मंडळाचा पत्रव्यवहार तर असा कोणी उघडलेलाच नाही. अर्धी आवक-जावक ह्यूस्टनला, अर्धी आपल्या फायलींत. इतिहास लिहायचा तर ही लंगडी बाजू ध्यानात ठेवून.

दाभोळविषयी ई-मेलचा दुसराही एक साठा आहे. तो लहान आहे, पण मला अधिक मोलाचा वाटतो. ओव्हरसीज प्रायव्हेट इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन सरकारी संस्थेने दाभोळला कर्ज आणि विमा दिला होता. तिथल्या अधिकाऱ्यांचे ई-मेल अमेरिकेच्या माहिती-स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करून मागवले गेले आणि जानेवारी २००२ मध्ये वृत्तपत्रांत आले. त्यांतून कळले, की दाभोळची वसुली व्हावी म्हणून राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या पुढाकाराने एक कार्यगटच काम करत होता. जून २००१ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधींच्या भेटीत हा विषय काढला होता. आणि ९ नोव्हेंबर २००१ च्या भेटीत अध्यक्ष बुश यांनी पंतप्रधान वाजपेयींकडेही तो काढावा अशी तयारी होती. आदल्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, एक ई-मेल फिरला: अध्यक्ष दाभोळबद्दल बोलू शकत नाहीत. त्याच दिवशी एन्रॉनने आपले मागच्या काही वर्षांचे नफ्याचे आकडे फुगवलेले होते अशी कबुली जाहीर केली होती. एका खासगी कंपनीच्या वसुलीसाठी एक सरकार दुसऱ्या सरकारवर किती वजन टाकत होते आणि ते कोणत्या दिवशी थांबले, याचा इतका नेमका पुरावा दुसरा नाही.

म्हणजे नोकरदारांची पत्रे वाचू नयेत असे माझे म्हणणे नाही. या दोन साठ्यांत फरक आहे तो मागण्याच्या रीतीत. एका ठिकाणी कोणीतरी विषय सांगून, कारण दाखवून, ठरावीक पत्रे मागितली. देणाऱ्याने ती निवडून दिली. दुसऱ्या ठिकाणी गोणी पालथी केली. पहिल्या साठ्यात सत्ताधाऱ्यांचे व्यवहार सापडले. दुसऱ्यात व्यवहारांसोबत कोणाच्या तरी घटस्फोटाची बोलणी सापडली, ज्याचा कॅलिफोर्नियाच्या विजेशी संबंध नव्हता. मी संग्रहातली खासगी पत्रे उघडली की पुढे जातो. पण तो माझा संकोच, त्याला कायद्याचा आधार नाही.

एन्रॉननंतर गोणी भरून ठेवणे हेच कर्तव्य झाले. जुलै २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने चौकशीत अडथळा आणण्यासाठी कागद नष्ट करण्याला वीस वर्षांपर्यंत कैद ठेवली. कंपन्यांनी धडा घेतला: काही पुसू नका, सगळे साठवा. साठले की कोर्टकज्ज्यात ते वाचावे लागते, आणि अमेरिकन वकिलाचा तास महाग. मग ते काम आपल्याकडे आले. २००४ मध्ये न्यूयॉर्क आणि मुंबई अशा दोन पायांवर उभी राहिलेली पॅन्जिया-३ ही या धंद्यातली एक ओळखीची कंपनी. २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने ती घेतली. नुकती सनद घेतलेली मुले-मुली परक्या देशातल्या कचेऱ्यांचे ई-मेल उघडून ‘खटल्याशी संबंधित’, ‘असंबंधित’, ‘वकील-अशिलातले’ असे शेरे मारू लागली. जुन्या आवक-जावक लिपिकाचेच हे काम, फक्त समुद्रापलीकडच्या टपालाचे.

कायद्यानेही मधल्या काळात थोडी कूस बदलली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर बाराच दिवसांनी, ५ सप्टेंबरला, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रुमानियातल्या एका नोकराच्या बाजूने निकाल दिला. कचेरीच्या संगणकावरून भावाशी आणि वाग्दत्त वधूशी केलेल्या गप्पा मालकाने उतरवून घेतल्या होत्या आणि २००७ मध्ये त्याला काढले होते. न्यायालयाने मालकाला पाहण्याची बंदी केली नाही. आधी सांगितले होते का, किती पाहणार ते सांगितले होते का, कमी पाहून भागले असते का, हे प्रश्न विचारले पाहिजेत असे सांगितले. नोकरीच्या दारातून आत शिरताना माणसाचे खासगी आयुष्य शून्य होत नाही, हा त्याचा आशय. पिल्सबरीपासून इथवर यायला एकवीस वर्षे लागली.

आपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या सातव्या कलमात मालकाला नोकराची माहिती संमतीवाचून वापरण्याची मुभा आहे: नोकरीच्या कामासाठी, आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ हेरगिरी रोखायला, व्यापारी गुपिते जपायला. विषाणूंच्या आणि फसव्या पत्रांच्या या काळात ती गरज मी समजू शकतो. पण किती पाहावे याची रुमानियाच्या निकालासारखी मोजपट्टी त्या कलमात नाही. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातही बदल केला. वैयक्तिक माहिती नाकारताना पूर्वी त्या उपकलमातच व्यापक जनहिताचा अपवाद होता, तो वगळला. मालकाने नोकराच्या पेटीत डोकावणे सोपे झाले आणि नागरिकाने अधिकाऱ्याच्या फायलीत डोकावणे अवघड. दाभोळचा दुसरा, लहान साठा ज्या रीतीने मिळाला ती रीत आपण अरुंद केली आणि गोणीची वाट रुंद केली, असे मी म्हणेन.

एन्रॉनच्या संग्रहात अधूनमधून सफाई होते. कोणी माजी कर्मचारी किंवा त्याचा नातलग विनंती करतो, कोहेन ती पत्रे काढतात आणि नवी आवृत्ती ठेवतात. २००९ मध्ये एक ठेवली, २०१५ मध्ये दुसरी. २०१३ मध्ये नुइक्स या कंपनीने संग्रहाच्या दुसऱ्या एका प्रतीतून खासगी माहिती असलेल्या १० हजारांहून अधिक नोंदी शोधून काढल्या, म्हणजे तोवर दहा वर्षे त्या उघड्यावर होत्या. ज्यांनी जुन्या प्रती आधीच उतरवून घेतल्या त्यांच्याकडे त्या जशाच्या तशा आहेत आणि त्या परत मागण्याची कोणाला सोय नाही. मी २०१५ ची प्रत वापरतो. तिच्यात पत्रांना जोडलेल्या फायली नाहीत, पत्तेही ठाकठीक केलेले आहेत. जिथे पत्र कोणाला लिहिले ते नोंदलेलेच नव्हते, तिथे अशा सगळ्या पत्रांवर एकच पत्ता घातला आहे, ‘नो अ‍ॅड्रेस’, आणि पुढे एन्रॉनचे नाव.